पूनमची अकरावी आणि बसवाले मामा

निवृत्त झाल्यापासून नागपूरजवळच्या बेसातल्या आमच्या सोसायटीत कोणीही भेटलं की विचारतं, "मॅडम, एकूण किती डॉक्टर घडवले?" मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण डॉक्टर एकही घडवला नाही. हजेरी घेतली, पेपर तपासले, कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर न फाटता कसा ठेवायचा ते दाखवलं आणि पालकांना तोंड दिलं. यातलं शेवटचं काम सगळ्यात कठीण.

बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगते. बायोलॉजी घेणारी जवळजवळ सगळी मुलं एकाच वाटेनं निघालेली असतात. बारावीनंतर 'नीट' नावाची एक परीक्षा, आणि ती पार झाली तर मेडिकल. त्या परीक्षेतले निम्मे गुण माझ्या विषयाचे, त्यामुळे पालकांच्या लेखी मी निम्मी देवी. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं की प्रयोगशाळेत त्यांच्या मुलाचं टेबल उत्तरेकडे तोंड करून लावता येईल का. मी म्हटलं, उत्तरेला बेसिन आहे. ते म्हणाले, मग बेसिन हलवा. दुसऱ्या एक बाई मुलाच्या आधी स्वतःच धडा वाचून यायच्या आणि मला त्यांच्या शंका विचारायच्या. मुलगा शेवटी वास्तुविशारद झाला. बाईंचं मात्र बायोलॉजी पक्कं झालं.

अकरावी हे वर्ष मोठं फसवं. दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवून आलेलं मूल जूनमध्ये वर्गात येतं तेव्हा त्याला कोणीतरी आधीच डॉक्टर म्हणालेलं असतं. ऑक्टोबरच्या सहामाहीत त्याच मुलाला सत्तरपैकी सोळा पडतात. पुस्तक तिप्पट जाड झालेलं असतं आणि पाठ करून जमत नाही, हे कळायलाच वर्ष जातं.

पूनम नेवारेला सोळाही पडले नव्हते. तिला सहा पडले.

पूनम हिंगण्याहून यायची. वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत, मशीनवरून उतरलेले भाग तपासायच्या कामावर. आई ब्लाउज शिवायची. दहावीला पोरीला चौऱ्याण्णव टक्के, म्हणून त्यांच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर वस्तीतल्या पंधरा पुढाऱ्यांचे फोटो, सगळ्यात खाली कोपऱ्यात पूनमचा, गळ्यात कॉम्प्युटरवर चिकटवलेला स्टेथोस्कोप आणि वर लिहिलेलं, 'भावी डॉक्टर'. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा माझ्यासाठी ती तिसऱ्या बाकावरची, पाच रंगांच्या पेनांनी वही सजवणारी एक गप्प मुलगी होती.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, जास्वंदाच्या फुलातल्या अंडाशयाची रचना लिहा. चार गुण. पूनमनं इंग्रजीत पानभर उत्तर लिहिलं होतं, सुंदर अक्षरात, शीर्षकाखाली दोन रेघा मारून. वाचता वाचता माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. अंडाशय हा शब्द दिसताच तिनं दहावीत पाठ केलेला बायकांच्या मासिक पाळीचा अख्खा परिच्छेद उतरवून काढला होता, आणि प्रश्न जास्वंदाचा आहे याचं भान ठेवून शेवटी एक वाक्य जोडलं होतं की जास्वंदामध्ये हे चक्र दर अठ्ठावीस दिवसांनी होतं.

आता माझी एक खोड सांगायला हवी. पेपरातली असली रत्नं मी वर्गात वाचून दाखवत असे. मुलं हसायची, वर्ग जागा व्हायचा, आणि 'रामटेके मॅडमचा तास म्हणजे मजा' अशी माझी ख्याती होती. त्या ख्यातीचा मला अभिमान होता. मी पूनमचं उत्तर वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही. पण साठ मुलांत तिसऱ्या बाकावरची एकच मान खाली गेली तर नाव घ्यायची गरज उरत नाही. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मी त्यांनाही वाचून दाखवलं.

त्यानंतर पूनमनं वर्गात एकही शंका विचारली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

डिसेंबरात पालकसभा झाली. पूनमचं नाव पुकारल्यावर एक गृहस्थ येऊन बसले. चाळिशीचे, अंगात निळा युनिफॉर्म, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"मी पोरीचा मामा जी," ते म्हणाले. "तिचे बाबा ड्युटीवर हायेत."

मी गुणपत्रिका पुढे केली. त्यांनी ती लांब धरून बघितली.

"सहा. दहापैकी ना जी?"

"सत्तरपैकी."

मामांनी गुणपत्रिका खाली ठेवली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाकीचे चौसष्ट कुठी गेले?"

अठ्ठावीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही पालकानं विचारला नव्हता. बाकीचे विचारायचे, पहिला कोण आला. मी त्यांना एकेक प्रश्न दाखवत गेले आणि ते मान हलवत गेले. जाताना मी पूनमच्या अर्जात बघून सहज विचारलं, "तुमची बहीण शिवणकाम करते ना?"

"कोणती बहीण?" मामा म्हणाले, आणि मग त्यांच्या कपाळावर घाम आला.

मी पुढच्या पालकांना हाक मारली. त्या दिवशी अर्ध्या मुलांकडून सख्खं कोणीच आलं नव्हतं. हा निदान चौसष्ट गुण शोधत तरी होता.

पुढे हे मामा महिन्यातून एकदा तरी यायला लागले. स्टाफरूमच्या दारात उभे राहून विचारायचे, "मॅडम, आता कसं चालू हाये तिचं? ते मायटोकाँड्रिया सुधरलं काय?" मी 'नाही' म्हटलं की चेहरा पाडून जायचे. सुधारत काहीच नव्हतं. वार्षिक परीक्षेत पूनम माझ्या विषयात आणि फिजिक्समध्ये नापास झाली. जूनमध्ये फेरपरीक्षा होती. तीही गेली तर वर्ष वाया. कॉलेजनं नियमाप्रमाणे घरी पत्र पाठवलं, आणि ते पत्र पूनमच्या हाती न लागता थेट वडिलांच्या हाती पडलं.

दुसऱ्याच दिवशी नेवारे स्टाफरूममध्ये हजर झाले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात पत्राची घडी. मागे पूनम, रडून डोळे सुजलेली. मी त्यांना बसायला सांगितलं आणि म्हटलं, "मी मामांना वेळोवेळी सांगत होते."

"कोणते मामा?" नेवारे म्हणाले. "तिले मामाच नाही. माही बायको एकटीच हाये."

पूनमनं डोळे मिटले. आणि नेमके त्याच वेळी, निकाल विचारायला म्हणून, मामा दारात उभे.

"अबे गजू?" नेवारे खुर्चीतून उठले. "तू इथी काहून?"

मामांनी किल्ल्यांचा जुडगा मागे लपवला, जणू पकडलं जाण्यासारखं तेवढंच काय ते होतं.

हळूहळू उलगडा झाला तो असा. गजूभाऊ नेवारेंच्याच कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. सकाळची पाळी कंपनीत सोडून रिकामी बस शहरात परत यायची, त्यात ते पूनमला बसवून कॉलेजच्या चौकात उतरवायचे. तेवढं वडिलांना माहीत होतं. पालकसभेच्या दिवशी ती बसमध्ये रडत होती, म्हणून गजूभाऊ 'मी येतो, घाबरू नको' म्हणाले आणि मामा झाले. बाकी रोज सकाळी नेवारे त्यांच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून 'आमची पोरगी मस्त अभ्यास करून राहिली' असं सगळ्यांना सांगायचे, आणि गजूभाऊ समोरच्या रस्त्याकडे बघत बस चालवायचे.

"सहा महिने गा!" नेवारे म्हणाले. "सहा महिने तू माह्या पुढे बसला, आणि तुले माहीत होतं?"

"दादा, मी आरशात तुमच्याकडे पाहत नव्हतो," गजूभाऊ म्हणाले. "ब्रेक मारतानाही नाही."

स्टाफरूममधल्या फिजिक्सच्या सरांना हसू आवरेना, ते वहीत तोंड घालून बसले. मलाही हसू येत होतं. नेवारे मात्र पोरीकडे वळले.

"मले काहून नाही सांगतलं? मी मारलं असतं काय? कधी मारलं तुले?"

पूनमनं ओढणीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "तुम्ही फ्लेक्स लावला होता, बाबा."

"मंग?"

"रोज त्याच्याच खालून यावं लागते."

नेवारे खाली बसले. खिशातलं पत्र काढून त्यांनी उगाच पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "मॅडम, आमच्या कंपनीत पार्ट चेक करायचं काम हाये मले. माप चुकलं की दोन खोके असतात. एकात रिजेक्ट, दुसऱ्यात रिवर्क. रिजेक्ट भंगारात जाते. रिवर्कवाला पुन्हा मशीनवर चढते, नीट होऊन येते, आणि गाडीत बसला की कोणी सांगू शकत नाही कोणता होता. मले एवढंच सांगा, ही कोणत्या खोक्यात हाये?"

मी 'रिवर्क' म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं. त्या घडीला मला स्वतःला खात्री नव्हती.

त्या संध्याकाळी नेवारे आणि गजूभाऊ दोघांनी मिळून फ्लेक्स उतरवला. फ्लेक्सचं कापड दणकट असतं, वाया कशाला घालवायचं म्हणून ते अंगणातल्या मोटरसायकलवर पांघरला. पुढे पावसाळाभर भावी डॉक्टरनं मोटरसायकल कोरडी ठेवली.

फेरपरीक्षेला सहा आठवडे होते. सुट्टीत मी पूनमला रोज सकाळी कॉलेजात बोलावलं. पहिल्या दिवशी तिची वही बघितली. काय वही होती! शीर्षकं जांभळी, उपशीर्षकं हिरवी, व्याख्या गुलाबी चौकटीत. मी विचारलं, "यातला एखादा प्रश्न पुस्तक मिटून सोडवून बघितला कधी?" तिनं मान हलवली, नाही. आमच्या धंद्यातली ही अगदी जुनी तक्रार. पोरं वही रंगवतात आणि त्याला अभ्यास म्हणतात. मी तिची पाचही पेनं काढून घेतली आणि एक निळं दिलं. पोरगी त्या निळ्या पेनाकडे विधवेसारखी बघत होती.

मग मी तो जास्वंदाचा पेपर काढला. घरी मी तो पुन्हा वाचला होता आणि मला एक गोष्ट खुपली होती. परिच्छेद शब्दशः बरोबर होता. एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. या मुलीची स्मरणशक्ती वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगली होती. ती प्रश्नातला एकच शब्द वाचायची आणि घाबरून पाठांतराचा नळ सोडायची.

"शंका काहून विचारली नाहीस वं वर्षभर?" मी म्हटलं.

"तुम्ही वाचून दाखवलं होतं जी," ती म्हणाली. "मुलांसमोर."

शिक्षकांना माफी मागायची सवय नसते. मी आधी चष्मा पुसला, मग खिडकी उघडली, मग पंखा वाढवला. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं, पूनम. ते मी करायला नको होतं."

तिनं पेपर स्वतःकडे ओढला आणि वरून खाली वाचला. मग हळूच म्हणाली, "एक मार्क तरी द्यायचा होता, मॅडम. स्पेलिंग सगळे बरोबर होते."

त्या दिवसापासून मी एक नियम केला. उत्तर लिहायचं नाही. आधी प्रश्न काय विचारतो ते आपल्या घरच्या बोलीत सांगायचं, मग उत्तरही तसंच सांगायचं, आणि ते मला पटलं तरच इंग्रजीत लिहायचं. पहिले चार दिवस ती लाजली. पाचव्या दिवशी मूत्रपिंडाचा धडा आला. मुलांना यात नेहमी एकच गोष्ट समजत नाही. मूत्रपिंड रक्तातलं पाणी, साखर, क्षार असं भरमसाट आधी गाळून बाहेर काढतं आणि मग त्यातलं जवळजवळ सगळं परत आत घेतं. मुलं विचारतात, परतच घ्यायचं तर काढलं कशाला?

पूनम विचार करत बसली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, माही आई दिवाळीत आलमारी साफ करते ना, तसं हाये हे. पहिले सगळंच पलंगावर काढते. मंग एकेक पाहते, 'हे लागते, हे राहू दे, हे लेकीच्या लग्नात कामी येईन,' असं म्हणत सगळं वापस ठेवते. शेवटी फेकते काय? एक फाटका टॉवेल."

मी खुर्चीत मागे टेकून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मूत्रपिंड मी इतकी वर्षं आकृत्या काढून शिकवलं, मला हे सुचलं नव्हतं. "आणि पलंगावर न काढताच शोधलं तर?" मी विचारलं. "तर टॉवेल सापडत नाही जी," ती म्हणाली. "तो मागंच राहते."

त्यानंतर गाडी सुरू झाली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ती कारण लिहायला लागली. 'येत नव्हतं.' 'येत होतं, विसरली.' 'प्रश्न पुरा वाचला नाही.' आणि चौथं, तिनं स्वतःच काढलेलं, 'जास्त शहाणपणा केला.' पहिल्या आठवड्यात तिसरं कारण पानभर होतं. फिजिक्सच्या सरांनाही मी या कामाला जुंपलं. स्टाफरूममध्ये हसल्याबद्दल ते तेवढं देणं लागतच होते.

बसमध्ये गजूभाऊ तिची उजळणी घ्यायचे. धड्यातले प्रश्न तिनं मोठ्या मराठी अक्षरात लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवले होते. सिग्नलला बस थांबली की गजूभाऊ एक प्रश्न टाकायचे. मी एकदा विचारलं, "उत्तर बरोबर की चूक, तुम्हाला काय कळतं?" ते म्हणाले, "उत्तर नाही कळत जी. पण पोरगी अटकली का मले कळते. इंजिन मिसिंग मारते तसा आवाज येते."

जूनच्या फेरपरीक्षेत पूनम पास झाली. शंभरपैकी बायोलॉजीत अठ्ठावन्न, फिजिक्समध्ये छत्तीस. नेवारेंनी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. लोकांनी विचारलं, काय, मेडिकलला नंबर लागला काय? नेवारे म्हणाले, "नाही गा, फिजिक्समध्ये छत्तीस पडले." त्या छत्तिसाला टाळ्या मिळाल्या असं गजूभाऊंनी मला शपथेवर सांगितलं.

बारावीत जुलै महिन्यात मी पूनमला विचारलं, आलमारीचं उत्तर वर्गात वाचून दाखवू का? ती म्हणाली, वाचा, पण नाव घेऊ नका. मी वाचलं. वर्ग हसला, खूप हसला, आणि मग कोणीतरी विचारलं, मॅडम, कोणाचं आहे हे? मी गप्प. तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

पुढचं सगळं सुरळीत झालं असतं तर सांगायला मजा आली असती. बारावीला तिला चांगले गुण पडले, पण 'नीट'मध्ये सरकारी कॉलेजपुरते पडले नाहीत. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि प्रश्न कोरा सोडायचा धीर तिला नव्हता. एकही जागा रिकामी ठेवणं तिला नापास होण्यासारखंच वाटायचं. अंदाजानं ठोकलेल्या उत्तरांनी घात केला. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. नेवारे घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "अजून एक वर्ष मशीनवर चढवू म्हणतो जी." पूनमला विचारलं तर ती म्हणाली, "मीच सांगतलं बाबांना. यावेळी मीच सांगतलं."

ते वर्ष ती दर रविवारी बेसाला यायची. मी तिला सोडवायचे प्रश्न देत नव्हते, सोडून द्यायचे प्रश्न निवडायला लावत होते. एखादा प्रश्न 'हा मले येत नाही' म्हणून शांतपणे पुढे जाणं तिला शिकायला फेब्रुवारी उजाडला. मला स्वतःला ते अजून जमत नाही.

दुसऱ्या खेपेला लागला नंबर. विदर्भातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजात. प्रवेशाला नेवारे, पूनम आणि मी असे तिघं गेलो. गजूभाऊंना सुट्टी मिळाली नाही, म्हणून ते दर अर्ध्या तासानं फोन करत होते.

कागदपत्रांच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. पूनमनं फाइल छातीशी धरली होती. आमचा नंबर आला. आतल्या बाबूंनी फाइल उघडली. दहावीची गुणपत्रिका घेतली. बारावीची घेतली. 'नीट'ची घेतली. त्यांच्या मध्ये एक कागद होता, प्लास्टिकच्या वेगळ्या पाकिटात घातलेला. बाबूंनी तो बघितला आणि परत पुढे सरकवला.

"अकरावीची मार्कशीट कशाला लावली? ही लागत नाही."

"लागत नाही?" पूनम म्हणाली.

"कुठंच लागत नाही. कोणी पाहत नाही अकरावी. घरी ठेवा."

पूनमनं कागद हातात घेतला. दोन विषयांखाली लाल रेघ होती आणि शेजारी फेरपरीक्षेचे गुण. ती त्या रेघेकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघून तिला हसू फुटलं. पण नेवारे खिडकीपासून हलले नाहीत. त्यांनी पोरीच्या हातातून ती गुणपत्रिका घेतली, शर्टाच्या बाहीनं पाकीट पुसलं आणि गजातून पुन्हा आत धरली.

"एक डाव पाहून तर घ्या साहेब," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त मेहनत याच्यातच हाये."

बाबूंनी मागच्या रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग चष्मा लावून त्यांनी ती गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, लाल रेघांसकट, आणि दोन्ही हातांनी परत दिली.